किडा वाढवता येतो, ढोली नाही: ओकिनावाच्या मारुबाने भुंगेऱ्याची गोष्ट

सप्टेंबर २०२४ मध्ये जपान सरकारने जाहीर केलं की अमामी ओशिमा या बेटावर आता एकही मुंगूस उरलेलं नाही. विषारी हाबू सापांचा बंदोबस्त व्हावा म्हणून १९७९ मध्ये तिथे तीसेक मुंगसं सोडली होती. साप बाजूलाच राहिले. मुंगसांनी बेटावरचे दुर्मीळ ससे, पक्षी, बेडूक खायला सुरुवात केली आणि ते निस्तरता निस्तरता साडेचार दशकं गेली. बातम्यांत फोटो झळकले ते अमामीच्या काळ्या सशाचे. पण याच बेटांच्या माळेवर, याच प्रकारच्या जंगलात एक काळा, जाडजूड भुंगेराही राहतो आणि त्याची गोष्ट सशापेक्षा कितीतरी कमी लोकांना ठाऊक आहे.

त्याच्या संरक्षणाचा कायदा मात्र चांगलाच कडक आहे. ओकिनावा, योनागुनी आणि उके या बेटांवरचा हा भुंगेरा पकडला, मारला किंवा विकला, तर पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास, पन्नास लाख येनपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गुन्हा कंपनीने केला असेल तर दंड दहा कोटी येनपर्यंत जातो. ज्या देशात मुलं उन्हाळ्याच्या सुट्टीत भुंगेरे पकडत हिंडतात, ज्या देशात ते दुकानात विकत मिळतात, तिथेच एका भुंगेऱ्यासाठी एवढी शिक्षा कशाला, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर किड्याकडे बघून मिळत नाही. तो जिथे वाढतो ती जागा समजून घ्यावी लागते.

## हा भुंगेरा आहे तरी कसा?

स्टॅग बीटल हे भुंगेऱ्यांचं एक मोठं कुळ आहे. जगभरात त्याच्या बाराशेहून अधिक जाती आहेत. नराच्या डोक्यावर सांबराच्या शिंगांसारखं काहीतरी पुढे आलेलं दिसतं, ते खरं तर त्याचे वरचे जबडे असतात. त्यांचा उपयोग चावण्यापेक्षा झुंजीसाठी जास्त होतो. मादीसाठी किंवा मोक्याच्या जागेसाठी दोन नर एकमेकांना जबड्यात धरून उचलतात आणि फेकून देतात.

आपण ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला जपानीत ‘मारुबाने कुवागाता’ म्हणतात. या लेखात नुसतं मारुबाने म्हणू. तैवानच्या ईशान्येपासून जपानच्या मुख्य बेटांपर्यंत र्युक्यू बेटांची लांब माळ पसरलेली आहे. तिथे मोठ्या मारुबानेच्या तीन जाती सापडतात. एक अमामी, तोकुनोशिमा आणि उके या उत्तरेकडच्या बेटांवर. दुसरी ओकिनावाच्या उत्तर भागात, ज्या डोंगराळ जंगलाला यानबारू म्हणतात. आणि तिसरी इशिगाकी, इरिओमोते आणि योनागुनी या दक्षिणेकडच्या बेटांवर. योनागुनीवरचा आणि उकेवरचा मारुबाने आपापल्या जातभाईंपेक्षा थोडा वेगळा आहे, म्हणून त्यांना उपजाती मानतात.

मोठा नर सहा-सात सेंटिमीटर भरतो. रंग काळा, अंग गोलसर आणि फुगीर, पाय दणकट. जबडे आखूड पण जाड असतात. उडण्यापेक्षा चालण्यावर त्याचा भर असतो, आणि पुढच्या सगळ्या गोष्टीत हा तपशील महत्त्वाचा आहे.

## जंगलात राहतो म्हणजे नेमका कुठे?

‘जंगलात राहणारा किडा’ असं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे झाडंच झाडं येतात. मारुबानेच्या दृष्टीने त्यातली बहुतेक झाडं बिनकामाची आहेत. त्याला लागतं ते म्हातारं पण जिवंत झाड, त्याच्या बुंध्यात जमिनीलगत पडलेली ढोली, आणि त्या ढोलीत साठलेला ओलसर, लालसर तपकिरी भुसा. इतक्या अटी एका ठिकाणी पूर्ण झाल्या तरच मादी तिथे अंडी घालते.

ही ढोली बहुतेक वेळा इताजी नावाच्या झाडात असते. इताजी ओकच्याच कुळातलं, सदाहरित, ओकसारखीच छोटी फळं देणारं झाड. यानबारूच्या डोंगरांवर दाट गोलसर शेंड्यांचं जे हिरवं आच्छादन दिसतं ते मुख्यतः याच झाडांचं.

ढोली तयार कशी होते ते जरा सावकाश पाहू, कारण सगळं मर्म तिथेच आहे.

झाडाच्या खोडाचा जिवंत भाग म्हणजे सालीखालचा पातळ थर आणि त्याला लागून असलेलं बाहेरचं लाकूड. आतला गाभा मृतच असतो; झाडाला आधार देणं एवढंच त्याचं काम. या बेटांवर दरवर्षी वादळं धडकतात. एखादी जाड फांदी पिळवटून तुटते, खोडाला जखम होते आणि त्या वाटेने बुरशी आत शिरते. ती गाभा खाऊ लागते, पण झाड मरत नाही, कारण त्याचा जिवंत भाग बाहेरच्या बाजूला शाबूत असतो. वर पालवी फुटत राहते आणि आत गाभा कुजत राहतो. असं दशकानुदशकं चालतं.

कुजणंही एकाच तऱ्हेचं नसतं. लाकडात मुख्यतः दोन गोष्टी असतात: सेल्युलोज, म्हणजे लाकडाचे तंतू, आणि लिग्निन, म्हणजे त्या तंतूंना घट्ट बांधून ठेवणारा पदार्थ. काही बुरशी दोन्ही खातात. मग लाकूड पांढुरकं आणि तंतुमय होतं. काही बुरशी मुख्यतः सेल्युलोज खातात आणि लिग्निन मागे ठेवतात. तेव्हा लाकूड लालसर तपकिरी होतं, त्याला चौकोनी भेगा पडतात आणि हाताने दाबलं तरी त्याचा चुरा होतो. या दुसऱ्या प्रकाराला तपकिरी कूज म्हणतात. बरेचसे स्टॅग बीटल पांढऱ्या कुजीत वाढतात. मारुबानेला तपकिरी कूज लागते, आणि तीही नुकती सुरू झालेली नाही, तर कुजून कुजून जवळजवळ चिखलासारखी झालेली.

असा भुसा ढोलीच्या तळाशी साठायला वेळ लागतो. आधी झाड पुरेसं जाड व्हायला हवं, मग जखम, मग बुरशी, मग गाभ्याचा चुरा, मग त्यात वर्षानुवर्षं राहून गेलेल्या अळ्यांची विष्ठा. सगळं मिळून ही माणसाच्या एका आयुष्यात न मावणारी प्रक्रिया आहे. शिवाय ढोली ओलसर राहायला हवी. आजूबाजूला झाडांची दाट सावली असेल तरच ती ओलसर राहते. शेजारची झाडं तोडली, ऊन आणि वारा थेट बुंध्यापर्यंत पोचला, की ढोलीचं झाड उभं असूनही आतला भुसा सुकतो. नकाशावर जंगल शाबूत दिसतं. मारुबानेसाठी ते संपलेलं असतं.

## दोन-तीन वर्षं अंधारात, थोडे आठवडे बाहेर

ढोलीतल्या भुशात मादी अंडी घालते. अंड्यातून निघणारी अळी शेतातल्या हुमणीची आठवण करून देते: पांढुरकी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, डोकं नारिंगी-तपकिरी आणि मागचा भाग आतल्या भुशामुळे काळपट दिसणारा. हुमणी जिवंत मुळं कुरतडते, म्हणून शेतकऱ्याला नकोशी असते. मारुबानेची अळी फक्त कुजलेलं लाकूड खाते. झाडाला तिचा त्रास नसतो, कारण झाडाने जे केव्हाच सोडून दिलंय तेच ती खाते.

कुजलेल्या लाकडात पोषण फार कमी. बुरशीने सेल्युलोज संपवल्यावर जे उरतं त्यावर सात सेंटिमीटरचा प्राणी घडवायचा म्हणजे खात राहावं लागतं, आणि पुष्कळ काळ. म्हणून अळीपण दोन ते तीन वर्षं चालतं.

इथे स्टॅग बीटलच्या माद्यांची एक करामत सांगायलाच हवी. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की या कुळातल्या माद्यांच्या पोटाच्या टोकाशी त्वचेची एक बारीक घडी असते. त्या घडीत यीस्ट असतं. तेही साधंसुधं नाही, लाकडापासून निघणारी झायलोज नावाची साखर पचवू शकणारं. अंडी घालताना आई हे यीस्टही पुढच्या पिढीसाठी मागे ठेवते, असं त्यातून दिसतं. हा शोध लागेपर्यंत लोक शेकडो वर्षं हे किडे पकडत होते, पाळत होते, झुंजवत होते, आणि ही इवलीशी पिशवी कुणाच्याच नजरेला पडली नव्हती. मला हे वाचल्यापासून या माद्यांबद्दल वेगळाच आदर वाटतो.

वाढ पुरी झाली की अळी भुसा आणि स्वतःची विष्ठा लिंपून स्वतःभोवती एक कप्पा बनवते आणि त्यात कोषावस्थेत जाते. नराचे जबडे किती मोठे होणार हे तोपर्यंत ठरलेलं असतं. अळीपणी भरपूर खायला मिळालेला नर मोठा होतो आणि त्याचे जबडे अंगाच्या मानाने जास्तच मोठे होतात. उपासमार झालेला नर लहान राहतो आणि त्याचे जबडे तर इतके आखूड राहतात की तो दुसऱ्याच जातीचा वाटावा. भुंगेरा बाहेर आल्यावर कितीही खाऊ दे, त्याची उंची-रुंदी एका मिलिमीटरनेही वाढत नाही. कवच एकदा टणक झालं की झालं. म्हणजे मोठ्या जबड्यांचा दिमाखदार नर हा चांगल्या ढोलीचा पुरावा असतो. संग्राहकांना नेमका तोच हवा असतो.

बहुतेक स्टॅग बीटल उन्हाळ्यात दिसतात. मारुबाने शरद ऋतूत, साधारण सप्टेंबरपासून पुढे बाहेर पडतो. झाडाच्या रसावर गर्दी करणाऱ्या इतर भुंगेऱ्यांत तो सहसा दिसत नाही. या शेवटच्या टप्प्यात त्याचं खाण्याकडे फारसं लक्षच नसतं. रात्र झाली की नर जमिनीवरून चालत मादीच्या शोधात निघतो, एका बुंध्यावरून दुसऱ्या बुंध्याकडे. मादी ढोलीच्या आसपास राहते. काही आठवड्यांत मीलन होतं, अंडी घातली जातात आणि थंडी सुरू होता होता मोठे भुंगेरे संपून जातात.

## प्रत्येक बेटावर वेगळा का?

या अक्षांशावर जगात बऱ्याच ठिकाणी वाळवंट आहे: सहारा, अरबस्तान, आपलं थर. र्युक्यू बेटांवर मात्र दाट ओलं जंगल आहे, कारण शेजारून वाहणारा कुरोशिओ हा उबदार सागरी प्रवाह आणि मोसमी वारे तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पाडतात.

ही बेटं एकेकाळी आशियाच्या मुख्य भूमीला जोडलेली होती. लाखो वर्षांपूर्वी जमीन खचली, मध्ये समुद्र आला आणि वर राहिलेले डोंगरमाथे बेटं झाले. मारुबानेचे भाऊबंद आजही तैवान, चीन, आग्नेय आशिया आणि आपल्या ईशान्य भारतात आहेत. बेटांवर अडकलेल्यांचा त्यांच्याशी संबंध तुटला. चांगलं उडता येणारा किडा अधूनमधून समुद्र ओलांडतो आणि दोन्हीकडचं रक्त मिसळत राहतं. पायी चालणाऱ्या मारुबानेला बेटाचा किनारा हीच जगाची हद्द.

योनागुनी हे जपानचं सर्वात पश्चिमेकडचं बेट. क्षेत्रफळ सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यात गावं आली, शेती आली, विमानतळ आला. उरलेल्या डोंगराळ जंगलात ढोली असलेली झाडं जेवढी असतील, तेवढंच त्या उपजातीचं जग. दुसरीकडून कुमक येण्याची सोय नाही.

## मग धोका कशाचा?

पहिला धोका लाकूडतोडीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर ओकिनावात घरं बांधायला आणि सरपणाला यानबारूचं जंगल वापरलं गेलं. अमामीवर कागदाच्या लगद्यासाठी मोठमोठे पट्टे सपाट झाले. १९७२ मध्ये अमेरिकेने ओकिनावा जपानला परत केल्यानंतर विकासाचा पैसा आला आणि जंगलात रस्ते शिरले. इताजीला तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटवे येतात, त्यामुळे वीस-तीस वर्षांत डोंगर परत हिरवा दिसतो. पण ती झाडं तरुण असतात, सरळ आणि निरोगी. त्यांत ढोली नसते.

यानबारूतल्या उत्तम जंगलाचा मोठा भाग टिकला तो अमेरिकी सैन्याच्या सराव क्षेत्रात. त्यातली सुमारे चार हजार हेक्टर जमीन डिसेंबर २०१६ मध्ये परत मिळाली आणि तिचा बराचसा भाग २०१८ मध्ये यानबारू राष्ट्रीय उद्यानात आला.

दुसरा धोका रस्त्यांचा, आणि तो दुहेरी आहे. रस्ता काढला की दोन्ही बाजूंनी ऊन-वारा आत घुसतो आणि जवळच्या ढोल्या कोरड्या पडतात. शिवाय मारुबाने रात्री जमिनीवरून चालतो. डांबराचा पट्टा ओलांडताना तो गाडीखाली येतो, किंवा टॉर्च घेऊन गस्त घालणाऱ्या संग्राहकाच्या हाती अलगद लागतो. रस्ता नसता तर त्या माणसाला रात्रीच्या अंधारात, हाबू सापांच्या जंगलात पायी शिरावं लागलं असतं. रस्त्याने ते काम सोपं करून ठेवलं.

तिसरा धोका हा संग्राहकच.

## “चार किडे नेले तर काय एवढं बिघडलं?”

हा आक्षेप एरवी बरोबर आहे. बहुतेक कीटकांच्या बाबतीत मुलांनी जाळी घेऊन दहा-वीस पकडल्याने काही होत नाही. त्यांची संख्याच एवढी असते, आणि पैदास इतकी वेगात होते, की ती भर निघते. जपानमधल्या मुलांचा भुंगेरे पकडण्याचा छंद मला तर फार मोलाचा वाटतो. त्यातूनच पुढे कित्येक संशोधक घडले असतील.

मारुबानेचं गणित वेगळं आहे. पिढी पुरी व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, जग काही डोंगरांपुरतं आहे, आणि मागणी नेमकी मोठ्या नराला आहे. पैसाही थोडाथोडका नाही. १९९९ मध्ये टोकियोत ओकुवागाता या दुसऱ्या एका स्टॅग बीटलला एक कोटी येन मिळाल्याची बातमी जगभर फिरली होती. एवढी किंमत अपवादानेच मिळते, पण बाजाराची भूक त्यावरून कळते.

त्याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. रस्त्यावर चालणारा भुंगेरा उचलणं एक आणि अळ्यांसाठी झाड फोडणं दुसरं. भुंगेरे थोडेच आठवडे बाहेर असतात, पण ढोलीत अळ्या बारा महिने असतात. म्हणून काही जण कोयता-कुऱ्हाड घेऊन बुंधाच फोडतात आणि आतला भुसा उपसतात. मूठभर दाण्यांसाठी कणगीच फोडावी, तसला हा प्रकार. दाणे तर जातातच, पुढच्या सुगीचं धान्य ठेवायला जागाही राहत नाही. एका ढोलीत दरवर्षीच्या अळ्या एकत्र नांदत असतात. ढोली फुटली की दोन-तीन पिढ्या एका फटक्यात जातात, आणि पुढच्या माद्यांना अंडी घालायला तिथे काहीच उरत नाही.

शिवाय ढोलीत मारुबाने एकटा नसतो. यानबारूत तेनागा कोगाने नावाचा लांब हातांचा एक भुंगेरा आहे, जपानमधला सर्वात मोठा. तो १९८० च्या दशकात जगाला कळला आणि १९८५ मध्ये लगेच राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक ठरला. त्याच्या अळ्याही अशाच जुन्या ढोल्यांत वाढतात. ओकिनावाचा नोगुची सुतार पक्षी म्हाताऱ्या झाडांतल्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर जगतो आणि अशाच झाडांत घरटं कोरतो. एक बुंधा फोडला की या सगळ्यांचा घास जातो.

## “घरी वाढवा आणि जंगलात सोडा!”

जपानमधले हौशी लोक स्टॅग बीटल वाढवण्यात खरोखरच निष्णात आहेत. डब्यात योग्य भुसा भरून ते दुर्मीळ जातींच्याही पिढ्यान्‌पिढ्या काढतात. त्यामुळे हा प्रश्न रास्त आहे.

पण डब्यात वाढलेले शंभर भुंगेरे जंगलात नेऊन सोडले, तर ते अंडी कुठे घालणार? किडे कमी आहेत म्हणून ढोल्या रिकाम्या, अशी परिस्थिती असती तर या उपायाला अर्थ होता. मूळ टंचाईच ढोल्यांची असताना किडे वाढवून टंचाई भरून निघत नाही.

दुसरी अडचण रक्ताची. कुठल्या बेटावरच्या आई-बापांची ही पिल्लं आहेत याची खात्री नसेल, तर सोडलेले भुंगेरे स्थानिकांशी संकर करतील आणि लाखो वर्षांत घडलेला वेगळेपणा काही पिढ्यांत पुसला जाईल. ही नुसती शंका नाही. नोव्हेंबर १९९९ पासून जपानने परदेशी स्टॅग बीटलच्या जिवंत आयातीला परवानगी दिली आणि दरवर्षी लाखो किडे येऊ लागले. संशोधक कोइची गोका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलं की हिराता या जपानी स्टॅग बीटलचा आग्नेय आशियातल्या त्याच जातीच्या भुंगेऱ्याशी संकर होतो आणि ती संतती वांझही नसते. घरातून निसटलेला किंवा कंटाळा आला म्हणून सोडून दिलेला एक पाळीव किडाही पुरेसा आहे.

तिसरं म्हणजे विक्री. वाढवलेले भुंगेरे विकायला मोकळीक दिली तर जंगलातून चोरलेलाही ‘घरचाच’ म्हणून विकता येतो. दोघांत फरक सांगणं जवळपास अशक्य.

संशोधन संस्थांनी राखीव म्हणून काही वाढवून ठेवावेत, याला माझा विरोध नाही. तो विमा आहे. विम्यावर घर चालत नाही.

## “मग झाडं लावा”

लावावीत. पण आज लावलेल्या इताजीत ढोली दिसेल ती आपल्या नातवंडांच्याही पुढे. आज जे झाड शंभर वर्षांचं आहे त्याला काहीही पर्याय नाही. ते आणि त्याच्या भोवतीची सावली राखणं हा एकच उपाय लगेच लागू पडतो. वनखात्याच्या जुन्या शिकवणीत असं पोकळ, वेडंवाकडं झाड ‘निकामी’ ठरायचं आणि आधी तोडलं जायचं. ती सवय मोडणं हे लाख रोपं लावण्यापेक्षा मोठं काम आहे.

## “पण किड्यासाठी तुरुंग?”

या कायद्याचा जन्म १९९२ चा. नामशेष होण्याच्या बेतात असलेल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या जाती वाचवण्यासाठी तो केला गेला. योनागुनीचा मारुबाने त्या यादीत २०११ मध्ये आला, ओकिनावा आणि उके इथले २०१६ मध्ये. पकडणं, मारणं, देणं-घेणं, विकणं, विक्रीला मांडणं, सगळ्यालाच बंदी आहे. शिक्षेची कमाल मर्यादा २०१३ च्या दुरुस्तीत बरीच वाढवली गेली, कारण काळ्या बाजारातल्या नफ्यापुढे जुना दंड किरकोळ ठरत होता.

कमाल शिक्षा कागदावर मोठी दिसते, आणि प्रत्येकाला ती होते असंही नाही. तिचा रोख टॉर्च घेऊन कुतूहलाने फिरणाऱ्या पोरावर नसून विकण्यासाठी बुंधे फोडणाऱ्यावर आहे. माझ्या मते ती योग्य आहे.

तरीही एक आक्षेप मला मान्य करावासा वाटतो, आणि तो संग्राहकच नेहमी करतात: किडा पकडला तर गुन्हा, आणि तोच किडा असलेलं झाड तोडलं, रस्त्याखाली गाडलं तर? यात तथ्य आहे. पकडण्यावर बंदी घालणं सोपं असतं. त्यात कुणाचा रोजगार जात नाही. जंगलाचा वापर बदलायचा तर गावाशी बोलावं लागतं, लाकडावर आणि रस्त्याच्या कामांवर पोट असलेल्यांना दुसरं काही द्यावं लागतं. नुसत्या बंदीने समाधान मानलं तर किडा कायद्यात सुरक्षित राहील आणि डोंगरावर संपेल.

## मुंगूस गेलं, मग प्रश्न सुटला ना?

अमामीच्या सशासाठी मोठा दिलासा आहे, यात शंका नाही. मुंगूस दिवसा हिंडतं आणि हाबू रात्री, म्हणून दोघांची गाठच पडली नाही. मारुबानेही रात्रीचाच. त्यामुळे त्याच्या ऱ्हासाचं मुख्य खापर मुंगसावर फोडता येणार नाही. ओकिनावावर तर १९१० साली प्राणिशास्त्रज्ञ शोझाबुरो वातासे यांच्या पुढाकाराने आपल्या गंगेच्या खोऱ्यातली मुंगसं आणून सोडली होती, आणि तिथे त्यांना यानबारूत शिरू न देण्याची धडपड कुंपणं आणि सापळे लावून अजून चालू आहे. अमामीच्या यशातून एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: सातत्याने पैसा आणि माणसं लावली तर बेटावरचं बिघडलेलं दुरुस्त होतं. शेवटचं मुंगूस २०१८ मध्ये सापडलं, आणि त्यानंतरही सहा वर्षं खात्री करून घेतल्यावरच घोषणा झाली.

## आता लक्ष कुठे ठेवायचं?

जुलै २०२१ मध्ये अमामी ओशिमा, तोकुनोशिमा, ओकिनावाचा उत्तर भाग आणि इरिओमोते मिळून ४२,६९८ हेक्टर जंगल युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. नाव देताना समितीने जपानला चार गोष्टी सांगितल्या: इरिओमोतेवरच्या पर्यटकांच्या संख्येला आवर घाला, वन्यजीवांचे गाड्यांखाली होणारे मृत्यू कमी करा, नद्यांना शक्य तिथे मूळ रूप द्या, आणि वारसा क्षेत्राभोवतीच्या राखीव पट्ट्यातली लाकूडतोड मर्यादित ठेवा. यातली दुसरी आणि चौथी गोष्ट मारुबानेच्या जिवाशी थेट जोडलेली आहे. रात्रीच्या वाहतुकीवर काम सुरूही झालंय; अमामीवर सान्तारो खिंडीच्या रस्त्याने रात्री वन्यजीव बघायला जाणाऱ्या गाड्यांना आता आधी नोंदणी करावी लागते.

मात्र योनागुनी आणि उके ही दोन्ही बेटं त्या यादीत नाहीत. ज्या तीन मारुबानेंना कायद्याने सर्वात वरचं संरक्षण दिलंय, त्यातल्या दोघांचं घर वारसा क्षेत्राच्या बाहेर पडतं. तिथे समितीची देखरेख नाही, पर्यटकांचा ओघ कमी आणि बातमीदारांचा त्याहून कमी. १९९२ च्या कायद्यात किड्याबरोबर त्याच्या अधिवासालाही संरक्षित क्षेत्र जाहीर करण्याची सोय आहे, पण जपानभर अशी क्षेत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच झाली आहेत. ते कलम वापरायची सर्वात जास्त गरज मला या दोन छोट्या बेटांवर दिसते. सुरुवात म्हणून ढोली असलेल्या प्रत्येक इताजीची नोंद करावी, आणि तिच्याभोवतीचं सावलीचं कडं तोडायला मनाई करावी.